आकाशाला कुंपण



न्यूझीलंडला निघालेल्या माणसाला भारतातले नातेवाईक तीन गोष्टी हमखास सांगतात. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत, तिथे रग्बी हा धर्म आहे आणि तिथे पाऊस कधीही येतो. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पण चौथी गोष्ट मात्र मला कोणीच सांगितली नव्हती. इथे रविवारी सकाळी अंगणात चहाचा कप घेऊन बसलं, की डोक्यावरून एक छोटंसं विमान घरघरत जातं. थोड्या वेळाने दुसरं. आत दोन-चार माणसं. कोणी शिकाऊ, कोणी हौशी, कोणी ग्रेट बॅरियर बेटावर निघालेलं. आपल्याकडे जशी घराघरात स्कूटर, तसं इथे छोटं विमान, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच!

या देशाला विमानांचं वेड आहे आणि त्याला कारणही आहे. मधे समुद्र, बाजूला डोंगर, वस्ती विखुरलेली. १९४९ पासून इथल्या डोंगरउतारांवरच्या कुरणांना खत घालण्याचा धंदाच विमानातून सुरू झाला. टेमूकाजवळच्या वायटोही गावातल्या रिचर्ड पिअर्स नावाच्या शेतकऱ्याने राइट बंधूंच्याही आधी, १९०३ च्या मार्चमध्ये, घरी बनवलेल्या यंत्रातून उड्डाण केलं असं मानणारे लोक इथे आजही भेटतात. जीन बॅटन या बाईने १९३६ साली इंग्लंडहून ऑकलंडपर्यंत एकटीने विमान आणलं, अकरा दिवस आणि पंचेचाळीस मिनिटांत. आई-बाबांना घ्यायला आपण ज्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर जातो, त्याला तिचंच नाव आहे.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमची कन्या. ती यंदा सोळा वर्षांची झाली आणि तिने जाहीर केलं, "बाबा, मला फ्लाइंग शिकायचंय." इथल्या नियमांप्रमाणे सोळाव्या वर्षी एकट्याने विमान उडवता येतं, सतराव्या वर्षी खाजगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. गाडीचा पूर्ण परवाना हातात यायच्या आधी विमान! सौ.ने ऐकलं आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. आमच्याकडे याचा अर्थ "नाही" असा होतो.

नेमके त्याच वेळी माझे वडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. पस्तीस वर्षं रोज गेटवर पास दाखवला, रोज डबा उघडून दाखवला. ज्या दिवशी पास घरी विसरला त्या दिवशी, सुपरवायझर असूनही, परत घरी यावं लागलं. अशा माणसाला घेऊन मी आणि लेक एका शनिवारी आर्डमोरला गेलो.

आर्डमोर म्हणजे पापाकुराजवळचा विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात बांधलेला. युद्धानंतर काही वर्षं ऑकलंड विद्यापीठाचं इंजिनीअरिंगचं कॉलेज तिथल्या बराकींत भरायचं, आणि धावपट्टीवर मोटारींच्या शर्यतीही व्हायच्या. आज तो छोट्या विमानांसाठी देशातल्या सर्वांत गजबजलेल्या तळांपैकी एक आहे. फ्लाइंग क्लब, शाळा, हेलिकॉप्टरवाले, जुनी लढाऊ विमानं जपणारे हौशी लोक, सगळे तिथे. कुंपण आहे, पाट्या आहेत, पण बंदूकधारी शिपाई कुठेच नाही. वडील पाचएक मिनिटं शांतपणे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "अरे, गेटवर कोण असतं?"

"तसं कोणी नसतं, बाबा."

"म्हणजे एखाद्याने विमान घेतलं आणि शहरात नेऊन घातलं तर?"

त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं जे इथे घडून गेलं आहे.

मार्च २००६. मी ऑकलंडला मास्टर्सच्या दुसऱ्या सत्रात होतो. शनिवार-रविवारी एका पेट्रोल पंपावर काम करायचो. तिथल्या रेडिओवर बातमी आली, की आर्डमोरहून एका माणसाने छोटं विमान पळवलं आहे आणि स्काय टॉवरवर आदळण्याची धमकी दिली आहे. गिऱ्हाईकं पेट्रोलचा पाइप हातात धरून आकाशाकडे बघायला लागली. माझे दोन रूममेट तेव्हा शहराच्या मध्यभागी एका रेस्तराँमध्ये भांडी घासायचं काम करत होते. मी त्यांना फोन लावत राहिलो, तो लागत नव्हता. अकरा सप्टेंबरला जेमतेम साडेचार वर्षं झाली होती. तेव्हा टीव्हीवर पाहिलेलं दृश्य कोणीच विसरलं नव्हतं.

शेवट मात्र वेगळा झाला. ते विमान टॉवरवर गेलं नाही. कोहिमारामाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. चालवणारा माणूस वाचला, जमिनीवर कोणालाही काही झालं नाही. तो दहशतवादी नव्हता. कोणत्याही संघटनेचा नव्हता. घरगुती आयुष्यात बिनसलेला, खचलेला एक माणूस होता.

हे सगळं मी वडिलांना आर्डमोरच्या त्या कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता. "मग त्यानंतर सरकारने शहरावरून छोटी विमानं उडवायला बंदी घातली असेल ना?"

नाही घातली. आज एकोणीस-वीस वर्षांनीही ऑकलंडवर तशी कायमची सुरक्षा-बंदी नाही. नियम आहेत आणि ते कडक आहेत, पण ते अपघात टाळण्यासाठी आहेत. दाट वस्तीवरून उडताना, आपल्या खालच्या बिंदूपासून ६०० मीटरच्या परिघात जो सर्वांत उंच अडथळा असेल त्याच्या किमान १००० फूट वर राहायचं. स्काय टॉवर ३२८ मीटर, म्हणजे १०७६ फूट उंच. म्हणजे त्याच्या जवळपास जायचं तर साधारण २१०० फुटांच्या खाली यायचं नाही. इंजिन बंद पडलं तर लोकांच्या डोक्यावर न पडता मोकळ्या जागेपर्यंत तरंगत जाता यावं, हा त्यामागचा विचार. मोठ्या विमानतळाभोवतीच्या नियंत्रित आकाशात शिरायचं तर आधी रेडिओवर परवानगी घ्यावी लागते. २०२२ च्या अखेरीपासून अशा आकाशात उडणाऱ्या प्रत्येक विमानाला आपली जागा आपोआप प्रक्षेपित करणारं यंत्र सक्तीचं झालं आहे. इथल्या हवाई नकाशावर कायमची धोक्याची वर्तुळं आहेत, पण त्यातली काही तर चक्क ज्वालामुखींभोवती आहेत! न्यूझीलंडला पंतप्रधानांच्या घरापेक्षा रुआपेहूची धास्ती जास्त, असं मी गमतीने म्हणतो.

आणखी एक गोष्ट ऐकून वडील थक्कच झाले. न्यूझीलंडकडे लढाऊ जेट विमानंच नाहीत. स्कायहॉक विमानांची तुकडी डिसेंबर २००१ मध्ये बंद केली. सगळं जग आपापल्या आकाशात लढाऊ विमानं फिरवत होतं, त्याच वर्षी! म्हणजे २००६ च्या त्या दिवशी पाठलाग करायला, पाडायला इथे एकही लढाऊ जेट नव्हतं. "आणि तरी हे लोक झोपतात कसे?" वडिलांनी विचारलं.

मंडळी, मी व्यवसायाने आयटी सल्लागार. कोणत्या माणसाला कंपनीच्या यंत्रणेत कुठपर्यंत प्रवेश द्यायचा, हे ठरवण्याचं काम मी गेली पंधरा वर्षं करतो आहे. म्हणून वडिलांच्या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्यापेक्षा मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली.

आर्डमोर ते स्काय टॉवर हे सरळ रेषेत साधारण २७-२८ किलोमीटर. छोटं शिकाऊ विमान ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास उडतं. म्हणजे नऊ मिनिटं. आपल्याला साउथ ऑकलंडहून सिटीत गाडीने जायला सोमवारी सकाळी किती वेळ लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे! नऊ मिनिटांत विमान चोरीला गेलंय हे कळायचं, कोणीतरी निर्णय घ्यायचा, दुसरं विमान उडवायचं आणि ते गाठायचं. नकाशावर कितीही मोठं लाल वर्तुळ काढलं तरी ही नऊ मिनिटं दहा होत नाहीत.

बरं, वर्तुळ मोठं करू. अमेरिकेत वॉशिंग्टनभोवती ते आहे. २००३ पासून निर्बंध सुरू झाले, २००९ मध्ये ते कायमचे झाले. तीस नॉटिकल मैलांचं, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. आत शिरायचं तर आधी फ्लाइट प्लॅन, वेगळा ओळख-क्रमांक, रेडिओवर सतत संपर्क. त्याच्याही आत आणखी एक कडक वर्तुळ. तेवढं वर्तुळ स्काय टॉवरभोवती काढलं तर आर्डमोर आत येतं, डेअरी फ्लॅटचा नॉर्थ शोअर विमानतळ आत येतो, व्हेनुआपाईचा वायुदलाचा तळसुद्धा आत येतो. म्हणजे ज्या घरात चोर शिरू नये त्या घरातच सगळ्या किल्ल्या!

त्या वर्तुळाने वॉशिंग्टनमध्ये काय साधलं? ११ मे २००५ ला एक दोन आसनी सेसना वाट चुकून आत शिरलं. व्हाइट हाउस आणि कॅपिटॉल रिकामं केलं, लढाऊ विमानं धावली, लोक रस्त्यावर पळत सुटले. आत होते दोन चुकलेले वैमानिक. उलट १५ एप्रिल २०१५ ला एक टपाल कर्मचारी, उघडं छोटंसं जायरोकॉप्टर घेऊन, खासदारांसाठी पत्रांची थैली बरोबर बांधून, सगळी वर्तुळं ओलांडून थेट कॅपिटॉलच्या हिरवळीवर उतरला. म्हणजे वाट चुकलेला सापडला आणि ठरवून आलेला पोहोचला. आमच्या धंद्यातला हा रोजचा अनुभव. पासवर्डचे नियम जितके जाचक करू तितका त्रास हिशेबखात्यातल्या मावशींना होतो, चोराला नाही.

पण एका बाजूनेच बोललं तर ते खरं होणार नाही. भीती निराधार नाही. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत टँपा इथे पंधरा वर्षांच्या एका शिकाऊ मुलाने सेसना एका बँकेच्या इमारतीवर नेऊन घातलं. पंधरा वर्षांचा! माझ्या लेकीपेक्षा एका वर्षाने लहान. त्यात तो एकटाच गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिलानच्या पिरेली टॉवरवर छोटं विमान धडकलं, वैमानिकाबरोबर आत काम करणाऱ्या दोघीजणी गेल्या. २०१० मध्ये ऑस्टिनला एका माणसाने करखात्यावरच्या रागाने त्यांच्या कार्यालयावर विमान घातलं, तिथे एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. प्रत्येक वेळी इमारत उभी राहिली. चार आसनी विमानाचं भरलेलं वजन अकराशे किलोच्या आसपास, आपल्या गाडीपेक्षाही कमीच. जुळ्या मनोऱ्यांवर आदळलेली विमानं शंभर टनांहून जड होती. दोन्हींना एकच माप लावता येत नाही. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना टनांचा हिशेब सांगून काय उपयोग?

जर्मनीने या प्रश्नाचा सर्वांत खोलवर विचार केला असं मला वाटतं. जानेवारी २००३ मध्ये फ्रँकफुर्टला एका माणसाने मोटरग्लायडर पळवलं, उंच इमारतींभोवती घिरट्या घातल्या आणि युरोपियन बँकेच्या मनोऱ्यावर आदळण्याची धमकी दिली. शहराचा मध्यभाग रिकामा करावा लागला. शेवटी तो सुखरूप उतरला. त्यानंतर कायदा आला, की असं अपहृत विमान वायुदलाने पाडावं. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते कलम रद्द केलं. आत निरपराध प्रवासी असतील तर त्यांचा जीव दुसऱ्यांच्या जिवासाठी वापरायचा अधिकार सरकारला नाही, असं न्यायालय म्हणालं. पुढच्याच महिन्यात ऑकलंडचं प्रकरण घडलं.

आपल्या मुंबईचं वेगळं. तिथे पोलीस आयुक्तालय वेळोवेळी आदेश काढतं, की अमुक तारखेपर्यंत पॅराग्लायडर, हँगग्लायडर, मायक्रोलाइट आणि ड्रोन उडवायला बंदी. पूर्वी १४४ कलमाखाली, आता नव्या संहितेच्या १६३ कलमाखाली. मुदत संपली की नवा आदेश. २६ नोव्हेंबर २००८ ज्यांनी पाहिलं आहे त्या शहराला मी इथे बसून शहाणपण शिकवणार नाही. दोन कोटींच्या शहरावर छोटं विमान पडलं तर काय होतं ते २८ जून २०१८ ला घाटकोपरमध्ये दिसलं. तो घातपात नव्हता, चाचणी-उड्डाणातला अपघात होता, तरी विमानातले चौघे आणि रस्त्यावरून चाललेला एक पादचारी गेला. तिथली परिस्थिती वेगळी, दाटी वेगळी, शेजारी वेगळे. पण गंमत बघा, त्याच मुंबईत, जुहूच्या धावपट्टीवर, १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एकटे उतरले होते. आपल्या देशातल्या नागरी विमानसेवेची सुरुवात एका छोट्या विमानातूनच झाली.

वडिलांना मी हे सांगत होतो तेव्हा ते मधेच म्हणाले, "हडपसर आठवतं का रे तुला?" आठवतं तर! मी सहा-सात वर्षांचा असताना ते मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरजवळ नेत. आवाज न करता एक पांढरं ग्लायडर झाडांवरून सरकत जायचं आणि आम्ही दोघं मान वर करून बघत राहायचो. आणि तेच वडील लोहगावला नातेवाइकांना सोडायला गेलं की "फोटो काढण्यास सक्त मनाई" ही पाटी मोठ्याने वाचून दाखवायचे! एकाच माणसात दोन्ही असतं, आकाशाची ओढही आणि गेटवरचा पासही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगावी की नाही, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी सांगितली. त्याच २००६ मध्ये, मे महिन्याच्या अखेरीस, पामर्स्टन नॉर्थला विमान शिकणाऱ्या एका परदेशी विद्यार्थ्याला न्यूझीलंडने देशाबाहेर पाठवलं. अकरा सप्टेंबरच्या अपहरणकर्त्यांपैकी एकाबरोबर तो अमेरिकेत एकेकाळी राहिला होता. ते सरकारचं काम होतं, आणि त्या प्रकरणात काय योग्य हे ठरवणारा मी कोणी नाही. पण बातमी आली त्या आठवड्यात मी स्वतः स्टुडंट व्हिसावर होतो आणि माझा रंगही त्याच्यासारखाच होता. बसमध्ये शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "तू काय शिकतोस?" मी जरा घाईनेच म्हणालो, "कॉम्प्युटर्स!" आणि त्या हसल्या, मीही हसलो. आपल्यापैकी त्या काळात इथे असलेल्या बऱ्याच जणांकडे असा एखादा किस्सा असेल.

म्हणून कुंपणाची चर्चा आपल्यासाठी नुसती तांत्रिक नसते. वर्तुळ नकाशावर काढलं जातं, पण गेटवर उभा राहणारा माणूस चेहरे बघतो. अमेरिकेत परदेशी नागरिकाला विमान शिकायचं तर आधी सरकारी तपासणीतून जावं लागतं. ऑस्ट्रेलियात वैमानिकांचीच पार्श्वभूमी तपासली जाते. सगळ्यांना एकच नियम असेल तर माझी अजिबात तक्रार नाही. माझी लेक इथे जन्मली, तिचे उच्चार किवी, नाव मात्र अस्सल मराठी. तिचा अर्ज कोणीतरी वाचेल तेव्हा ते नाव वाचून त्याने पेन थांबवू नये, एवढंच मला हवं आहे.

मग न्यूझीलंड पाहतं तरी काय? इथे कायद्यात एक छान शब्दप्रयोग आहे, त्याचा अर्थ "लायक आणि योग्य व्यक्ती". परवाना मागणाऱ्याची नुसती परीक्षा घेत नाहीत. गुन्ह्यांची नोंद, वाहतुकीचे गुन्हे, शारीरिक आणि मानसिक प्रकृती, सगळं विचारतात. थोडक्यात, हे आकाशाला कुंपण घालत नाहीत, माणूस बघतात.

त्यातही फटी आहेत. ८ फेब्रुवारी २००८ ला ब्लेनहाइमहून क्राइस्टचर्चला निघालेल्या १९ आसनी विमानात एका प्रवासी बाईने सुरी काढून दोन्ही वैमानिकांना जखमी केलं आणि विमान ऑस्ट्रेलियाला न्या म्हणाली. त्या वैमानिकांनी तशाही स्थितीत ते क्राइस्टचर्चला सुखरूप उतरवलं. बाईला पुढे नऊ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा नव्वदपेक्षा जास्त आसनं असलेल्या विमानांच्याच प्रवाशांची देशांतर्गत तपासणी व्हायची. आजही नेल्सन किंवा नेपियरहून पंख्याच्या विमानाने येताना तुमची पर्स कोणी उघडत नाही. माझी आई नेल्सनला तशीच विमानात बसली आणि ऑकलंडला उतरेपर्यंत म्हणत राहिली, "अरे, त्यांनी माझा डबा बघितलाच नाही!" तिला बिचारीला थोडं वाईटच वाटलं, कारण डब्यात तिने केलेल्या गूळपोळ्या होत्या.

आणि २४ मार्च २०१५ ची जर्मनविंग्जची घटना. सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला बाहेर कोंडून विमान आल्प्समध्ये घातलं. दीडशे माणसं गेली. पास होता, गणवेश होता, परवाना होता. कॉकपिटचं जे मजबूत दार अकरा सप्टेंबरनंतर बसवलं, तेच त्या दिवशी आतून बंद झालं. आपण आजारी आहोत हे त्याने कंपनीपासून लपवलं होतं. सांगितलं तर परवाना जाईल, ही भीती. मंडळी, या एका वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. ज्याला प्रवेश आहे त्यालाच आतून काही झालं तर कुठलंही कुंपण कामाचं नाही. माझ्या धंद्यातलाही हाच सर्वांत अवघड प्रश्न, आणि त्याला सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण उत्तर नाही. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याने "काय रे, बरा आहेस ना?" असं वेळेवर विचारणं, हेच त्यातल्या त्यात उत्तर आहे.

२००६ च्या त्या वैमानिकाला कोणी असं विचारलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना दरवर्षी नवी मुलं येतात. कर्ज काढून शिकायला आलेली, रात्रपाळी करणारी, घरी फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणणारी. मी तसाच होतो. माझ्या वेळी मंडळातल्या एका काकूंनी दर गुरुवारी फोन करून नुसतं "जेवलास का?" विचारलं. त्या एका प्रश्नाने काय काय टळलं असेल त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते. शहराची सुरक्षा म्हणजे हेही आहे.

निर्बंध नकोतच असं मी म्हणत नाही. मोठ्या परिषदेच्या वेळी, मोठ्या सामन्याच्या वेळी काही तासांसाठी आकाश बंद ठेवावं. ड्रोन विमानतळापासून चार किलोमीटर दूर ठेवण्याचा इथला नियम तर मी शेजारच्या मुलाला स्वतः समजावला आहे. विमानांच्या किल्ल्या नीट कुलपात असाव्यात, रात्री तळावर लक्ष असावं, हे तर हवंच. पण कायमचं वर्तुळ काढून आपण सुरक्षित झालो असं मानणं मला पटत नाही. त्याची किंमत रोज प्रामाणिक माणूस मोजतो, आणि ज्या नऊ मिनिटांसाठी ते काढलं ती नऊ मिनिटं तशीच राहतात.

आता घरच्या निकालाबद्दल. सौ.चा विरोध सुरक्षा-धोरणाला नव्हताच, तो तिच्या लेकीच्या जिवाला होता, आणि त्याला माझ्या कागद-पेन्सिलीत उत्तर नव्हतं. ती स्वतः आर्डमोरला गेली, प्रशिक्षक बाईंशी तासभर बोलली, इंजिन बंद पडलं तर काय करता, हे तीन वेळा विचारलं आणि मग म्हणाली, "एकटीने उडायचं ते मी सांगेन तेव्हा." प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "मीही तेच म्हणते." दोघींचं जमलं.

वडिलांनी पुण्याला परत जाण्यापूर्वी नातीला जवळ बोलावलं. पहिल्या पाच धड्यांचे पैसे पाकिटात घालून दिले आणि म्हणाले, "हे बघ, तिथे गेटवर कोणी नसतं. म्हणजे गेटवर तूच आहेस, असं समजायचं. कोणी नवखा दिसला तर नाव विचारायचं. आणि आपला मित्र गप्प गप्प दिसला तर त्यालाही विचारायचं."

लेकीने मान डोलावली. तिचे आतापर्यंत सात धडे झाले आहेत.